पखाल कोण धुतंय?

सकाळी अकरा वाजता माझा ब्रश ओला होता.

यात नवल ते काय, असं कुणालाही वाटेल. पण घरात सात महिन्यांचं मूल असलं की माणूस असल्याच गोष्टींवर डोळा ठेवून असतो. ढब्बूच्या बाटल्या मी सकाळी सहाला धुते, मग थेट दुपारी दोनला. मधल्या वेळात ब्रश ओट्याच्या कडेला पेल्यात उभा असतो आणि अकरापर्यंत कोरडा ठणठणीत होतो. त्या दिवशी त्याचे केस चिकटलेले होते आणि दांड्याला फेस होता.

मी नवऱ्याला फोन लावला.

"तू माझा ब्रश वापरलास?"

"मी साडेसातला घरातून निघालोय."

"मग कुणी वापरला?"

"ढब्बूला विचार." मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "तुझी झोप होत नाहीये गं नीट."

बाळंतपणानंतर बाईला काहीही दिसलं तरी घरचे ते झोपेवर ढकलतात. मी फोन ठेवला आणि ब्रशाचा वास घेतला. बाटल्यांच्या साबणाचाच होता, पण त्याच्या मागे आणखी काहीतरी होतं. गार, गोडसर. पेपरमिंटसारखं.

ढब्बू पेपरमिंट खात नाही.

माझ्या रजेचे सोळा दिवस उरले होते. त्यानंतर मी कामावर जाणार आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ढब्बूला सांभाळणार. हे ढब्बूच्या जन्माआधीच ठरलं होतं. म्हणजे बसून कुणी ठरवलं नव्हतं, कुणाला विचारलंही नव्हतं. ठरून गेलं होतं. मी आपली दूध काढून, छोट्या पाकिटांत भरून, वर तारीख टाकून फ्रीजरमध्ये रचत होते. पाकिटं वाढत चालली तशी जागा कमी पडायला लागली, आणि जागा कमी पडायचं एक कारण म्हणजे पखाल.

पखाल हे बाबांनी ठेवलेलं नाव. बाबा म्हणजे माझे सासरे. तीस वर्षं दर रविवारी ते गावामागचा डोंगर चढून आले. पाठीवरच्या पिशवीत ही दोन लिटरची मऊ, पारदर्शक पाण्याची पिशवी. तिच्यातून निघणारी नळी खांद्यावरून पुढे यायची, नळीच्या टोकाला रबरी चोखणी. दातांनी हलकं दाबलं की पाणी तोंडात. चालता चालता प्यायचं, थांबायचं काम नाही. घरी आले की पाठीवरची पिशवी कोपऱ्यात आणि पखाल मात्र दोन दिवस लाडाकोडात. सोड्याच्या कोमट पाण्याने धुणं, लिंबू फिरवणं, उलटी टांगून वाळवणं आणि पूर्ण कोरडी झाली की फ्रीजरमध्ये. थंडीत बुरशी धरत नाही म्हणून. बाबांनी पस्तीस वर्षं एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी सांभाळली. त्यांच्या मते जगात माणसांचे दोनच प्रकार: भांडं धुणारे आणि भांडं वाळवणारे. पहिले पुष्कळ असतात.

चौदा महिन्यांपूर्वी त्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. डॉक्टर म्हणाले, जिनासुद्धा गरजेपुरताच. तेव्हापासून पखाल फ्रीजरमध्ये पडून होती. निदान माझी समजूत तशी होती.

आदल्या आठवड्यात मी सहज विचारलं होतं, "ही पखाल कपाटात ठेवू का? दुधाला जागा होईल."

"नको!" पुढच्या खोलीतून, शिलाई मशीनमागून आई.

"नको!" वर्तमानपत्रामागून बाबा.

दोघं एवढ्या घाईने ओरडले की ढब्बू दचकून रडायला लागली. मला वाटलं, आठवण म्हणून जपत असतील. मी दुधाची पाकिटं आडवी रचली.

आता मात्र हातात ओला ब्रश घेऊन मी फ्रीजर उघडला. पखालीच्या आत बर्फाचे दोनचार खडे खुळखुळत होते. चोखणीला नाक लावलं. पेपरमिंट.

चौदा महिने कुणी हात न लावलेल्या वस्तूला आज सकाळचा साबण?

पहिला संशय अर्थातच बाबांवर. चोरून डोंगर चढत असतील तर? मी दोन दिवस त्यांच्या मागावर राहिले. ते वर्तमानपत्र आणायला खाली उतरले की जिन्याच्या दाराशी उभी राहून पायऱ्या मोजायचे. एक पायरी, कठडा, श्वास. दुसरी पायरी, कठडा, श्वास. पहिला मजला येईपर्यंत ढब्बूचं एक दूध पिऊन व्हायचं. हा माणूस डोंगर चढत असेल तर मी विमान चालवत होते.

राहिल्या आई. पेपरमिंटच्या गोळ्या घरात फक्त त्याच खातात. आठवड्यातून तीनदा सकाळी सहाला त्या खालच्या बागेत मैत्रिणींबरोबर फेऱ्या मारायला जायच्या आणि नऊला परत यायच्या. मी ढब्बूला न्हाऊ घालत असायचे तेव्हाच त्या स्वयंपाकघरात खुडबुड करायच्या. पण आई आणि डोंगर? बाबांनी तीस वर्षं चल म्हटलं आणि त्यांनी तीस वर्षं एकच उत्तर दिलं, "वर काय ठेवलंय? दगडच ना?"

तरी मी त्यांचे मोजे धुवायला घेताना उलटे केले. कुसळं. लांब, तांबूस, घट्ट रुतलेली. बागेतलं गवत माळी दर आठवड्याला कापतो.

आणि दाराच्या खुंटीला एक पिशवी सापडली. जुन्या छत्रीच्या कापडाची, पाठीला लावायची, पट्टे दुहेरी शिवणीचे. आईंच्या हातचं काम लपत नाही. पिशवीच्या वरच्या कडेला एक सुबक काज होतं. मी बटण शोधलं. बटण नव्हतं. बटण लावायला जागाही नव्हती. चाळीस वर्षं शिवणकाम करणारी बाई विनाकारण काज करत नाही. मी करंगळी घातली, आरपार गेली. नळी जायला बरोबर एवढीच वाट लागते.

कोडं सुटलं म्हणून मला दोन मिनिटं फार बरं वाटलं. मग लक्षात आलं, अर्धंच सुटलंय. कारण दुसऱ्या दिवशी फ्रीजर उघडला तर पखाल जवळजवळ कोरडी. बर्फ नाही, फेस नाही, साबणाचा वाससुद्धा नाही. आणि आई कशाला वाळवतायत? त्यांच्या हातून वस्तू निघते तीच ओली. ताटं पाणी निथळत मांडणीत जातात, टॉवेल दमट असतानाच घडी होतात. "हवेने वाळेल की," हे त्यांचं शास्त्र.

त्याच दुपारी ऑम्लेटसाठी अंडी फेटायला घेतली तर तारांचा फुग्यासारखा व्हिस्कर जागेवर नाही. आई पुढच्या खोलीत मशीनवर, खडखड अखंड चाललेली. ढब्बू झोपलेली. मी मागच्या गॅलरीचं दार हळूच ढकललं.

वाळत घातलेल्या चादरीच्या आड पखाल उलटी टांगलेली होती. तिच्या उघड्या तोंडातून व्हिस्कर आत गेला होता, तारांनी दोन्ही बाजू एकमेकींपासून लांब धरल्या होत्या. आणि बाबा खुर्चीवर बसून पखालीची नळी डोक्यावरून गोफणीसारखी गरगर फिरवत होते. टोकातून बारीक थेंब उडत होते.

"बाबा?"

नळी थांबली. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला बिचाऱ्यांचा.

"दार लाव आधी," ते म्हणाले.

मी दार लावून खाली बसले.

"तिला कळू देऊ नकोस," बाबा म्हणाले. "तीन महिने झाले, जातेय. मी एकदा सहज ही पुसायला म्हणून काढली, तर आत बर्फ. वाटलं फ्रीज बिघडला. मग फेस दिसला. साबण! प्लॅस्टिकला साबण लावला की वास बसतो, पुढच्या वेळी पाणी कडू लागतं. सोडा वापरायचा असतो. पण सांगणार कसं? सांगितलं तर तिला कळेल की मला कळलंय."

"मग कळू द्या की."

"तू तिला शिवताना पाहिलंस? मागे कुणी जाऊन उभं राहिलं की काय करते?"

मला माहीत होतं. पायडलवरून पाय काढून घेतात. माणूस निघून जाईपर्यंत मशीन बंद.

"तसंच आहे हे. कुणी बघतंय म्हटलं की ती थांबणार. म्हणून ती धुवून ठेवते, मी परत धुतो. दोन दुपारी लागतात वाळायला. संध्याकाळी आत, दुसऱ्या दुपारी परत बाहेर."

"कुठवर जातात त्या?"

"आधी पाण्याच्या टाकीपर्यंतच जात असणार. मोज्यांना पिवळी माती यायची. आता तांबूस कुसळं येतात, ती दुसऱ्या वळणाच्या वरच असतात." बाबांचा आवाज एकदम मास्तरांसारखा झाला. "म्हणजे माथा अर्ध्या तासावर राहिला. दम टिकला तर अजून तीन-चार खेपा." मग नळीकडे बघत म्हणाले, "पण तुझे दिवस किती राहिले?"

"बारा."

"हं." त्यांनी नळी पुन्हा फिरवायला घेतली. "मग राहिलंच म्हणायचं ते. सकाळची ढब्बू असणार तिच्याकडे."

तीन महिने ही बाई सहाला उठून काहीतरी करत होती आणि मी माझ्या फ्रीजरमध्ये नव्वद पाकिटं रचून तिची सकाळ बंद करत आणली होती. एका शब्दाने त्या मला बोलल्या नव्हत्या.

पुढच्या बुधवारी बाबांना गुडघ्याच्या तपासणीला जायचं होतं, दिवसभराचं काम. आई सकाळी जाऊन आल्या, न्हाणीघरातून मला स्वयंपाकघरातला नळ ऐकू आला. दुपारी फ्रीजर उघडला तर पखाल ओली, फेसाळ. मला वाटलं, आज आपण मदत करू. बाबांना सुटी. सोड्याचा डबा रिकामा होता. पण मला काय अवघड? सात महिने मी दुसरं केलंय काय? मोठं पातेलं चढवलं, पाणी खळखळ उकळलं, आणि ढब्बूच्या बाटल्या बुडवते तशीच मी पखाल त्यात बुडवली. दहा मिनिटं. घड्याळ लावून. मग व्हिस्कर घालून टांगली, नळी गोफणीसारखी फिरवली, भिंतीवर थेंबांची नक्षी काढली. संध्याकाळी फ्रीजरमध्ये ठेवताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

शुक्रवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी दार वाजलं. मी ढब्बूला कडेवर घेऊन उघडलं. दारात आई. मानेपासून टाचेपर्यंत मागून भिजलेल्या, बुटांतून पचपच आवाज.

बाबा खुर्चीतून बघत होते. त्यांना राहवेना. "बागेत कारंजं फुटलं वाटतं?"

आईंनी छत्रीच्या कापडाची पिशवी टेबलावर आपटली. तिच्या काजातून नळी लोंबत होती. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"गळतेय," त्या म्हणाल्या. "बुधवारपर्यंत धड होती."

बाबांनी पखाल बाहेर काढली, झाकणाची कड बोटाने चाचपली, उजेडात धरली. तीस वर्षांची सवय, दुसरं काही सुचलंच नसणार. "वाकलीये कड. उकळलीये ही कुणीतरी."

"मी कशाला उकळू? मी नेहमीसारखी साबणाने..." आई थांबल्या.

"मी उकळली," मी म्हटलं. "बाटल्यांसारखी. बाबा नव्हते ना त्या दिवशी, म्हणून म्हटलं आपण..."

मीही थांबले. पण जे जायचं होतं ते तोंडातून गेलं होतं.

आईंनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग ओट्यावरच्या व्हिस्करकडे. आणि ओल्या कपड्यांनीच खुर्चीवर बसल्या.

"कधीपासून माहितीये?"

"पहिल्या बर्फापासून," बाबा म्हणाले. "साबणाने वास राहतो गं."

"मला कधी नाही आला वास."

"कसा येईल? मी परत धुवायचो."

ढब्बूने नळी पाहिली, चोखणी पाहिली आणि आनंदाने दोन्ही हात पुढे केले.

"तीन महिने," आई म्हणाल्या, "मला वाटत होतं, हे एक तरी माझं एकटीचं आहे."

"एकटीच जायचीस. मी फक्त भांडं वाळवलं."

आईंना हसू आलं नाही, पण ओठ जरा हलले. "आणि ही? हिने तर पखालीची रस्साभाजी केली."

"चुकलं माझं, आई."

"जाऊ दे. तसंही संपतच आलं होतं. पुढच्या सोमवारी तू कामावर. डोंगर काय पळून जातोय? ढब्बू शाळेत जायला लागली की जाईन."

"तोवर तुझे गुडघे माझ्यासारखे होतील," बाबा म्हणाले.

"मग तुम्ही आहातच फिरवायला. तीस वर्षं नळी फिरवलीत तसं."

मी मनात हिशेब करत होते, घड्याळाचा. "मी सव्वाआठला निघणार," मी म्हटलं. "तुम्ही नऊला येता. मध्ये पाऊण तास. बाबा आहेत की घरात."

बाबांचा चेहरा उतरला. आता माझ्या लक्षात आलं की सात महिन्यांत त्यांनी ढब्बूला मांडीवर घेतलं होतं, पण कायम कुणीतरी शेजारी असताना.

"माझा गुडघा सांगून दगा देत नाही," ते हळूच म्हणाले. "ती हातात असताना दिला तर?"

"मग उठू नका," आई म्हणाल्या. "सतरंजीवर बसा."

"खाली बसलो की मला उठता येत नाही."

"उठायचंय कुणाला? पाऊण तास?"

ढब्बू तोवर चोखणीपर्यंत पोचली होती. दोन नवे दात तिने रबरात रुतवले, आणि नळीत उरलेलं पाणी तिच्या तोंडात गेलं. तिने डोळे मोठे केले, पाणी हनुवटीवरून सोडून दिलं आणि पुन्हा चावली.

"बघ," बाबा म्हणाले. "हिला पहिल्याच दिवशी जमलं. तुला किती दिवस लागले?"

"आठ," आई म्हणाल्या. आणि तेव्हा हसल्या.

पखाल बाबांनी दुरुस्त केली. प्रयोगशाळेतून निवृत्त होताना त्यांना शाल मिळाली होती आणि त्यांनी स्वतः मागून एक डबाभर रबरी वॉशर आणले होते, सगळ्या मापांचे. शाल कुठे आहे कुणाला ठाऊक नाही. डबा मात्र पलंगाखालून लगेच निघाला. वाकलेल्या कडेवर त्यांनी दोन वॉशर बसवले, पाणी भरून पखाल रात्रभर न्हाणीघरात टांगली, खाली कोरडा कागद. सकाळी कागद कोरडा.

रजा संपायच्या आधीच्या शनिवारी रंगीत तालीम झाली. आई सहाला गेल्या. सव्वाआठला मी बाबांना सतरंजीवर बसवलं, ढब्बूला त्यांच्या समोर, बाटली, फोन, रुमाल, खुळखुळा हाताच्या अंतरावर. खिडकीला ढब्बूचा पिवळाजर्द टॉवेल बांधला, कारण बाबा तीस वर्षं सांगत आले होते की माथ्यावरून आपली खिडकी दिसते. मग मला घराबाहेर काढण्यात आलं. "खरी तालीम म्हणजे खरी," बाबा म्हणाले. मी जिन्यावर बसले. नवराही येऊन शेजारी बसला, बिस्किटाचा पुडा घेऊन.

"आवाज येत नाहीये काहीच," मी म्हटलं.

"मग बरंच आहे ना?"

"आवाज आला पाहिजे रे थोडा तरी."

वीस मिनिटांनी आतून फोन वाजला आणि बाबांची हाक आली, "दोघं आत या!"

ढब्बू त्यांच्या पायावर पालथी पडून खुळखुळ्याचं दांडकं चघळत होती. फोन स्पीकरवर, जमिनीवर. त्यातून वाऱ्याचा आवाज आणि मधून आईंचा धापा टाकणारा श्वास.

"पोचले," आई म्हणाल्या. "वर दगडच आहेत."

बाबांनी फोन जवळ ओढला.

"खिडकी कुठली पण? मला दिसत नाहीये. सगळ्या एकसारख्याच दिसतायत, काड्यापेट्यांसारख्या."

"पिवळा टॉवेल आहे बघ आई!" नवरा ओरडला.

"इथून टॉवेल? काहीतरीच काय! इमारतच कळत नाहीये. अहो, तुम्हाला नेमकी कुठून दिसायची? कुठल्या दगडावर उभं राहू?"

बाबांनी खिडकीतल्या टॉवेलकडे पाहिलं. मग म्हणाले, "मलाही कधी दिसली नाही."

"तीस वर्षं सांगत होतात!"

"पहिल्या रविवारी तू विचारलंस, घर दिसतं का? मी हो म्हटलं. मग दर वेळी विचारायचीस. काय करणार?"

"मग दर रविवारी बघत काय होतात एवढं?"

"शोधत होतो," बाबा म्हणाले.

पलीकडून नळी चोखल्याचा आवाज आला, लांबलचक. पाणी पिऊन झाल्यावर आई म्हणाल्या, "थांबा मग. मीही जरा शोधते." आणि फोन ठेवला.

त्या नऊला आल्या नाहीत, पावणेदहाला आल्या. तोवर बाबा सतरंजीवरच, ढब्बू त्यांच्या हातावर झोपलेली. उठायचं कुणी नावच काढलं नाही. आईंनी बूट दारात काढले, पखाल घेऊन सरळ ओट्याशी गेल्या आणि माझा ब्रश उचलला. मग थबकल्या, ब्रश पेल्यात परत ठेवला, आणि सोड्याचा डबा काढला. नवा आणलेला.

"दोन चमचे," बाबा सतरंजीवरून म्हणाले. "पाणी कोमट. नळी वेगळी काढ आधी. अगं, अशी नाही, फिरवून..."

आईंचे हात थांबले. नळाखाली पाणी वाहत राहिलं.

"इकडे बघू नका," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या.

बाबांनी मान वळवली. मीही वळवली. नवऱ्यानेही. खिडकीत पिवळा टॉवेल फडफडत होता, आम्ही तिघं मुकाट तिकडे बघत बसलो. मागे पाण्याचा आवाज, मग पखालीत पाणी घुसळल्याचा, मग ओतल्याचा. बराच वेळ. मग आईंची पावलं आली आणि बाबांच्या मोकळ्या हातात ओली पखाल आली.

"धरा," त्या म्हणाल्या. "धुतली मी. पुढचं तुमचं."

बाबांनी ती उजेडात धरली. आत एक थेंब कोपऱ्यात अडकला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी व्हिस्कर आणायला उठले.